हातचा

दाभोळच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
बाबांचं दुकान: पालशेतकर रेडिओ दुरुस्ती.
पाटीवरचा 'ओ' खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला.

दर गुरुवारी रात्री सव्वानवाला
एक्केचाळीस मीटरच्या जरा पलीकडे,
सिलोन संपून नुसती खरखर उरते तिथे,
एक बाई आकडे म्हणायची.
आधी खेळण्यातली टिंगटिंग, तीनदा.
मग चार, एक, आठ, दोन, तीन.
थांबायची. पुन्हा तेच. मग पुढचे पाच.
ना घाई, ना राग,
परटाला कपडे मोजून द्यावेत तशी.

भिकू तांडेलला वाटलं, मटका.
त्याने ओपनला चार लावला, क्लोजला तीन,
आणि एकदा खरंच लागला!
मग महिनाभर निम्मे खलाशी
दुकानाच्या पायरीवर, कानात प्राण आणून.
बाई पुन्हा कुणाला प्रसन्न झाली नाही.

बाबा सोल्डरचा धूर फुंकत म्हणाले,
ती एकाशीच बोलतेय. आपण भिंतीला कान लावलेले शेजारी.
मग इतक्या मोठ्याने का सांगते?
कारण त्याच्याशिवाय कुणाला कळणारच नाही, म्हणून.

कारखान्याच्या माडीवर सामंत राहायचे.
भरती-ओहोटी मोजायचं सरकारी काम, असं सांगत.
खाडीच्या मुखाशी किती वाव पाणी,
रेतीचा दांडा कुठवर सरकला,
कुठली बोट कधी अडली,
सगळं बारीक अक्षरात, निळ्या वहीत.
सामंत, आणि बांगड्याचा काटा काढता येत नाही!
खानावळीतली मुक्ताबाई हसायची.

त्या गुरुवारी वीज गेली होती.
बाबांनी मला सेल द्यायला पाठवलं.
दार नुसतं लोटलेलं,
चिमणीच्या उजेडात ते कानात बटण घालून
वजाबाकी करत होते:
४१८२३ वजा २७०५९.
खाली लिहिलं, २४८७४.

मी चौथीत होते. गणितात पहिली.
म्हटलं, काका, हातचा विसरलात.
तीनातून नऊ जात नाहीत, शेजारच्याकडून घेतलात,
मग शेजारचा एकाने कमी नको का व्हायला?
त्यांच्या हातची पेन्सिल घेऊन
मी शेजारी नीट लिहून दिलं: १४७६४.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.
रागावले नाहीत.
खरंच गं, म्हणाले, माझं गणित कच्चंच.
आणि लिमलेटच्या दोन गोळ्या दिल्या.

शनिवारच्या लाँचने गेले.
खानावळीचं बिल पैशापर्यंत चुकतं.
खोलीत करवंटीभर राख,
विडीच्या कागदाची असते तशी, हलकी.
आमच्या फळीवर त्यांचा दुसरा रेडिओ,
दोऱ्याला चिठ्ठी: 'सामंत, आवाज चिरकतो'.

पुढे दोघे जण आले, बूट घातलेले.
बाबा म्हणाले, माझ्याकडे रेडिओ येतात,
माणसं उघडून बघायचं काम माझं नाही.

बाई मात्र आणखी पाच गुरुवार बोलत राहिली.
तेच पाच आकडे, पुन्हा, पुन्हा,
पैलतीरी झोपलेल्या तरवाल्याला
हाका माराव्या तशी.
सहाव्या गुरुवारी टिंगटिंग झाली.
पुढे काही नाही.

तीस वर्षं मी चिपळूणला बँकेत कॅशियर होते.
एक रुपया जुळला नाही तर घरी गेले नाही.
तरी कधी, वाया गेलेल्या पावतीच्या पाठीवर
ते गणित त्यांच्या रीतीने मांडते.
तीनातून नऊ, चार.
दोनातून पाच, सात.
शेजाऱ्याकडून घ्यायचं
आणि शेजाऱ्याला कळूही द्यायचं नाही.
उत्तर येतं. दर वेळी तेच.
कशाचं, ते सांगणारं पान राखेत गेलं.

करवंटी मुक्ताबाईने घासली
आणि मिठाला घेतली.